बंद पडणं आणि बंद होणं : गाडीतल्या ॲम्प्लिफायरचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांचा गाडीतल्या टेपशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो बराच जुना आहे. कार्यावरून कारण कसं शोधायचं, हा तत्त्वज्ञानातला सगळ्यात जुना प्रश्न. गॅरेजमध्ये बसलेला पोरगा रोज त्याच प्रश्नाशी झुंजत असतो. फरक एवढाच, की आम्ही चुकलो तर परीक्षेत एखादा गुण जातो, आणि तो चुकला तर गाडी जळते.

प्रश्न सिरोंच्याचा आहे. इथे कोणत्याही गाडी-वायरिंगवाल्याकडे बसलं की ही तक्रार ऐकू येते : "सर, गाणं चालू असते आन् मधातच बंद होते. थोड्या वेळानं आपोआप चालू होते." काळी-पिवळीतला डेक असो, लग्नाच्या वरातीची पिकअप असो, प्रचाराची जीप असो, तक्रार तीच. आणि निदानही बहुतेक वेळा तेच असतं : "ॲम्प्लिफायर गेला, नवा घ्या."

आज आपण या निदानाची तपासणी करणार आहोत. त्यासाठी आधी इतिहासात जावं लागेल. कारण आपल्या भाषेत 'बंद पडणं' आणि 'बंद होणं' हे दोन प्रयोग आहेत, आणि यंत्रांच्या इतिहासात या दोहोंमध्ये जवळजवळ तीनशे वर्षांचं अंतर आहे. यंत्र बंद पडतं ते मोडतं म्हणून. पण यंत्र मोडू नये म्हणून स्वतःला बंद करून घेतं, ही निराळी गोष्ट आहे. हे शहाणपण यंत्राला माणसानं शिकवलं, आणि शिकवताना बरीच किंमत मोजली.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. १६७९ साली दनी पापँ या फ्रेंच माणसानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक भांडं मांडलं. घट्ट झाकणाचं, वाफेच्या दाबावर हाडंसुद्धा मऊ शिजवणारं. म्हणजे आपल्या कुकरचा खापरपणजोबा. भांडं फुटू नये म्हणून पापँनं त्याला एक झडप बसवली. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की झडप उचलली जाते, वाफ बाहेर पडते, दाब उतरला की झडप पुन्हा बसते. कुकरची शिट्टी वाजते तेव्हा कुकर बिघडला असं घरातलं कुणी म्हणत नाही. तो आपलं काम करतोय, हे सगळ्यांना कळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दीडशे वर्षं पुढे येऊ. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनात 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्स्टन' नावाचं वाफेचं इंजिन धावत होतं. १७ जून १८३१ रोजी त्याचा बॉयलर फुटला. कारण काय? सुरक्षा झडपेतून येणाऱ्या वाफेच्या आवाजाचा इंधन घालणाऱ्या कामगाराला त्रास होत होता, म्हणून त्यानं झडप दाबून बंद केली. आवाज थांबला, आणि थोड्याच वेळात इंजिनाचे तुकडे झाले. तो कामगारही त्यातच गेला. अमेरिकेतला रेल्वे इंजिनाच्या बॉयलरचा हा पहिला स्फोट मानला जातो. ज्या आवाजाचा त्रास होत होता, तोच आवाज त्याला वाचवत होता.

वाफेच्या या युगाशी आपल्या सिरोंच्याचंही नातं आहे. १८६० साली निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या मुलखाचा 'अप्पर गोदावरी' जिल्हा झाला आणि सिरोंचा त्याचं मुख्य ठाणं बनलं. आर्थर कॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं स्वप्न असं होतं, की गोदावरी-प्राणहिता-वर्धा या जलमार्गानं आगबोटी समुद्रापासून वऱ्हाडच्या कापसापर्यंत पोचाव्यात. नदीत खडकांचे मोठे अडथळे होते, त्यांना वळसा घालणाऱ्या कालव्यांची कामं सुरू झाली. दुम्मगुडेमचं बांधकाम आजही उभं आहे. पण खर्च हाताबाहेर गेला, रेल्वे वऱ्हाडात पोचली, आणि १८७१ साली सरकारनं ते काम थांबवलं. पुढे १८७४ मध्ये जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडलं गेलं. आज आपण गडचिरोली जिल्ह्यात आहोत, तो १९८२ पासूनचा. आणि अजूनही जिल्ह्याच्या ठिकाणाहून इथे यायला दोनशे किलोमीटरांहून अधिक रस्ता तुडवावा लागतो. आगबोट आली नाही. तिच्या जागी जीप आली, आणि जीपबरोबर टेप आला.

वाफेला झडप मिळाली, तशी विजेला काय मिळाली? वितळणारी तार. तारेतून वीजप्रवाह गेला की उष्णता निर्माण होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स ज्यूलनं १८४१ मध्ये दाखवलं. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. १८४७ मध्ये ब्रेगे या फ्रेंच शास्त्रज्ञानं तारायंत्रांची केंद्रं आकाशातल्या विजेपासून वाचवण्यासाठी मध्ये मुद्दाम बारीक तार घालायला सुचवलं. मोठा झटका आला तर ती बारीक तार आधी जळेल, यंत्र वाचेल. पुढे एडिसननं आपल्या दिव्यांच्या जाळ्यासाठी फ्यूज वापरला आणि १८९० मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

पण झडप आणि फ्यूज यांत एक मोठा फरक आहे. झडप उघडते, मिटते, पुन्हा काम करते. फ्यूज एकदाच काम करतो आणि स्वतः मरतो. त्याचं बलिदान झालं की माणसाला उठून दुसरा घालावा लागतो. तिथेच खोडी आहे. घाईत असलेला माणूस दुसरा फ्यूज शोधत नाही. तो तांब्याची जाड तार गुंडाळतो, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालतो. १८३१ चा तो कामगार अशा रीतीनं आपल्या प्रत्येकाच्या घरात आणि गाडीत जिवंत आहे.

आता आवाजाकडे येऊ. १९०६ साली ली द फॉरेस्टनं तीन अग्रांची निर्वात नळी बनवली. आपण तिला व्हॉल्व्ह म्हणायचो. तिच्यामुळे क्षीण विद्युतसंदेश मोठा करता येऊ लागला. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी आजच्या पद्धतीचा, हलत्या वेटोळ्याचा लाउडस्पीकर मांडला. तुमच्या गाडीच्या दारातला स्पीकर त्याच घराण्यातला. आणि १९२७ मध्ये बेल कंपनीतला हॅरॉल्ड ब्लॅक हा अभियंता कामावर जाताना बोटीत बसला होता, तेव्हा त्याला सुचलं, की ॲम्प्लिफायरमधून जे बाहेर पडतं त्याचा थोडा भाग उलटा करून परत आत द्यावा, म्हणजे विकृती कमी होईल. हातात वर्तमानपत्र होतं, त्याच्याच कागदावर त्यानं आकृती काढली. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हे फार मोलाचं वाटतं. कार्य परत जाऊन आपल्या कारणाला आवर घालतं! यंत्रानं स्वतःकडे पाहण्याची ही सुरुवात होती.

गाडीत रेडिओ आला तो १९३० मध्ये. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी गाडीत बसेल असा, विकण्याजोग्या किमतीचा संच बनवला. पॉल गॅल्विन यांनी तो स्वतःच्या गाडीत लावला, अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांचं अधिवेशन भरलं होतं तिथे नेला, आणि आत दुकान मांडायला जागा नव्हती म्हणून गाडी बाहेरच उभी करून लोकांना ऐकवला. त्या संचाचं नाव 'मोटोरोला'. कंपनीनं पुढे हेच नाव घेतलं.

त्या काळी गाडीची बॅटरी बहुधा सहा व्होल्टची असे. आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जोडणी सुरू केली, त्या पिढीतल्या नागरी जीपही सहा व्होल्टच्या. आता हिशेब करा. तेवढीच शक्ती हवी आणि व्होल्ट निम्मे, तर प्रवाह दुप्पट. आणि ज्यूल सांगतो, प्रवाह दुप्पट तर तीच तार चौपट तापणार. म्हणून १९५० च्या दशकात गाड्या बारा व्होल्टवर गेल्या. आज आपण बारा व्होल्टवर शेकडो वॅटचा बूफर वाजवतो, तेव्हा पुन्हा त्याच जुन्या अडचणीत शिरलेलो असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्याकडे मोठा आवाज आधी सभेत आला. गावात त्याआधी कोतवालाची दवंडी होती. मुंबईच्या मोटवाने यांची शिकागो रेडिओ ही कंपनी काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि गांधीजींच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवत असे. पुढे अहुजा हे नाव तर भोंग्यालाच चिकटलं. घरी रेडिओ ठेवायचा तर टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे आणि दरवर्षी पैसे भरून तो नवा करावा लागे, हे आमच्या वयाच्या मंडळींना आठवत असेल. मग १९६३ मध्ये फिलिप्सनं कॅसेट आणली, आणि १९८० च्या दशकात ती आपल्याकडे अक्षरशः पूर आल्यासारखी आली. स्वस्त कॅसेटमुळे प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं गाडीगाडीत पोचली. सिरोंच्यात मराठीच्या जोडीला तेलुगू गाणी वाजू लागली. नदीपलीकडे काळेश्वर, अलीकडे आपण. गाण्याला पूल लागत नाही.

या गाड्यांतल्या ॲम्प्लिफायरमध्ये आता व्हॉल्व्ह नव्हते, ट्रान्झिस्टर होते. ट्रान्झिस्टरची एक खोड आहे. तो तापला की त्यातून अधिक प्रवाह जाऊ लागतो. अधिक प्रवाहानं तो आणखी तापतो. आणखी तापला की आणखी प्रवाह. ब्लॅकच्या कल्पनेच्या नेमकं उलट : इथे कार्य कारणाला आवरत नाही, चेव आणतं. काही क्षणांत ट्रान्झिस्टर मरतो, आणि पुष्कळदा फ्यूज त्याच्या मागून उडतो.

यावरचा उपाय एका अवलिया अभियंत्यानं काढला, बॉब विडलर. त्यानं हीच खोड उलटवली. ट्रान्झिस्टरच्या एका जोडावरचा दाब तापमान एक अंशानं वाढलं की साधारण दोन मिलिव्होल्टनं उतरतो. म्हणजे प्रत्येक ट्रान्झिस्टर मुळात एक तापमापक आहे. मग त्याच सिलिकॉनच्या चकतीवर एक छोटा ट्रान्झिस्टर पहारेकरी म्हणून का बसवू नये? चकती ठरावीक तापमानापर्यंत तापली की पहारेकरी मोठ्या ट्रान्झिस्टरला गप्प करेल, थंड झाली की पुन्हा सोडेल. १९६० च्या दशकाच्या अगदी शेवटी आलेल्या एलएम १०९ या त्याच्या व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये ही व्यवस्था होती. १९७० च्या दशकात युरोपात खास गाडीच्या रेडिओसाठी ॲम्प्लिफायरच्या चकत्या निघाल्या. आपल्या दुरुस्तीवाल्यांना पाठ असलेली टीडीए २००३ त्यातलीच. तिच्यात अतितापमानापासून संरक्षण, स्पीकरच्या तारा शॉर्ट झाल्या तर संरक्षण आणि बॅटरीच्या बाजूनं अचानक आलेल्या उसळीपासून संरक्षण, अशा सगळ्या सोयी आतच होत्या.

इथे वर्तुळ पुरं झालं. १६७९ ची झडप, जी उघडते आणि पुन्हा मिटते, ती तीनशे वर्षांनी नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये येऊन बसली.

आता मूळ तक्रारीकडे परत येऊ. "ॲम्प्लिफायर मधातच बंद होतो, म्हणून ॲम्प्लिफायर खराब." हे अनुमान आहे. अनुमान तपासायची हत्यारं आपल्या परंपरेत आहेत. अन्नंभट्ट हे सतराव्या शतकातले तर्कपंडित, आंध्रातले, म्हणजे आपल्या शेजारचेच. त्यांचा 'तर्कसंग्रह' अजूनही न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठाला लावतात. त्यात फसव्या हेतूंचे पाच प्रकार सांगितलेत. पहिला सव्यभिचार. म्हणजे असा हेतू, की जो साध्य असतं तिथेही सापडतो आणि नसतं तिथेही सापडतो. डोंगरावर आग आहे, कारण डोंगर ही जाणता येणारी वस्तू आहे, असं म्हटलं तर काय सिद्ध होतं? तळंही जाणता येतं, तिथे आग नसते.

'बंद होणं' हा हेतू नेमका असाच आहे. बिघडलेला ॲम्प्लिफायर बंद होतो. उत्तम स्थितीतला ॲम्प्लिफायरही बंद होतो. किंबहुना बंद होऊन पुन्हा चालू होतो, याचा अर्थ पहारेकरी जागा आहे, त्याला भान आहे. म्हणजे बहुतेक वेळा दोष बाहेर आहे आणि ॲम्प्लिफायर फक्त तो सांगतोय. शिट्टी वाजली म्हणून कुकर फेकून देण्यासारखं हे निदान झालं.

मग दोष कुठला, ते कसं ओळखायचं? नुसतं 'बंद होतो' असं न म्हणता 'कधी बंद होतो' हे विचारायचं. दवाखान्यात ताप आहे एवढं सांगून भागत नाही, तो थंडी वाजून येतो की संध्याकाळी चढतो हे सांगावं लागतं, तसंच हे.

पहिला प्रकार : दहा-वीस मिनिटं नीट वाजतो, मग बंद, थंड झाला की चालू. हे उष्णतेचं लक्षण. हिशेब बघा. जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर शंभर वॅट आवाज देताना साधारण साठ टक्के कार्यक्षम धरला, तर तो बॅटरीतून सुमारे एकशे सदुसष्ट वॅट घेतो. उरलेले सदुसष्ट वॅट कुठे जातात? उष्णतेत. त्यासाठी मागे ॲल्युमिनियमच्या पंख्यांची पट्टी असते. समजा सरासरी पन्नास वॅट उष्णता बाहेर टाकायची आहे आणि ती पट्टी प्रत्येक वॅटमागे एक अंश तापते. म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा पन्नास अंश जास्त. पहारेकरी पंच्याऐंशीला बंद करतो असं धरू. डिसेंबरच्या वरातीत हवा वीस अंश; वीस आणि पन्नास सत्तर, रात्रभर वाजतो. मे महिन्यात सिरोंच्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. पंचेचाळीस आणि पन्नास पंच्याण्णव, बंद. उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली तर हवा याहून तापलेली. ॲम्प्लिफायर तोच, आवाज तोच, फक्त महिना बदलला.

न्यायशास्त्रात याला उपाधी म्हणतात. आगीतून धूर निघतो खरा, पण इंधन ओलं असेल तरच. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. इथे ओलं इंधन म्हणजे कोंडलेली हवा. म्हणून उपाय स्वस्त : ॲम्प्लिफायर गालिच्याखालून, सीटच्या फोमखालून बाहेर काढा, पंख्यांना चारी बाजूंनी हवा मिळेल असा लावा, वर धूळ बसू देऊ नका. आलापल्लीपासूनच्या आपल्या रस्त्यावरची धूळ ब्लँकेटसारखं काम करते.

दुसरा प्रकार : बूफरचा ठोका आला की क्षणभर बंद, विशेषतः इंजिन बंद असताना. हे व्होल्टेज पडल्याचं लक्षण. चांगली भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना तारेवर चौदाच्या आसपास. दहाच्या खाली गेलं की बरेचसे ॲम्प्लिफायर स्वतःला बंद करतात. आता तार बघा. दीड चौरस मिलिमीटरची, म्हणजे घरातल्या वायरिंगची, चार मीटर तार घेतली तर तिचा रोध ०.०४७ ओहम भरतो. तीस ॲम्पिअर जाताना तिच्यात १.४ व्होल्ट गळतात. थकलेली बॅटरी ११.८ वर असेल तर ॲम्प्लिफायरपाशी उरतात १०.४, आणि ठोक्याला ओढ वाढली की गेले दहाच्या खाली. शिवाय त्या तारेत बेचाळीस वॅट उष्णता होते. आपली साधी सोल्डरिंगची इस्त्री पंचवीस वॅटची असते. त्याऐवजी दहा चौरस मिलिमीटरची तार घातली तर गळती ०.२ व्होल्ट. खर्च थोडा वाढतो, पण नव्या ॲम्प्लिफायरपेक्षा पुष्कळ कमी.

आणि अर्थिंग विसरू नका. रंगावर किंवा गंजावर आवळलेला स्क्रू म्हणजे अर्थिंग नव्हे. पत्रा घासून चकचकीत करावा लागतो. मीटर लावायचा तो बॅटरीवर नाही, ॲम्प्लिफायरच्या पायांवर, आणि गाणं जोरात चालू असताना.

तिसरा प्रकार : आवाज वाढवताच लगेच बंद, गाडी थंड असली तरी. इथे स्पीकरकडे बघा. चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की दोन ओहम होतात. ॲम्प्लिफायरच्या दोन वाहिन्या एकत्र करून म्हणजे ब्रिज करून वाजवताना पुष्कळ संचांना किमान चार ओहम लागतात. दोन दिले की प्रवाह झेपत नाही आणि पहारेकरी हात वर करतो. किंवा दाराच्या बिजागरीत तार चेपून तिचं आवरण फाटलेलं असतं. खड्डा आला की ती पत्र्याला टेकते. आपल्या रस्त्यांवर हा प्रकार फार. "गाडी उभी असली की नीट वाजते, चालली की बंद होते," असं कुणी सांगितलं तर पहिली शंका हीच घ्यावी.

चौथा प्रकार : केव्हाही, कसल्याही नियमाशिवाय बंद. इथे संरक्षणाचा दिवा लागतो का ते पाहावं. दिवा न लागता सगळंच विझत असेल, तर डेकपासून ॲम्प्लिफायरला 'जागा हो' सांगणारी जी बारीक, बहुधा निळी तार असते, ती ढिली आहे, किंवा फ्यूजच्या पकडीत संपर्क नीट नाही. पाचवी शक्यता शेवटची. सगळ्या तारा सोडवल्या, फक्त बॅटरी जोडली, आणि तरी संरक्षणाचा दिवा लागतो. आता म्हणा, की ॲम्प्लिफायर खराब. या आधी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या सगळ्याच्या मागची रीत एकच. आपले नैयायिक तिला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. हे असताना ते असतं, हे नसताना ते नसतं, दोन्ही बाजू तपासायच्या. इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती मांडल्या, त्याही याच वाटेच्या. गॅरेजच्या भाषेत : एका वेळी एकच गोष्ट बदला. स्पीकर सोडवून बघा. मग स्पीकर जोडा आणि तार बदलून बघा. घाईत तिन्ही गोष्टी बदलल्या आणि चालू झालं, तर गाडी सुटते, पण ज्ञान मिळत नाही. पुढची गाडी आली की पुन्हा अंधार.

कुणी म्हणेल, एका डेकसाठी एवढा खटाटोप कशाला? दोन कारणं सांगतो.

एक तर पैसा. सिरोंच्यातल्या पिकअपवाल्याला नवा ॲम्प्लिफायर म्हणजे किती फेऱ्यांची कमाई, हे तोच जाणतो. सुटा भाग आणायला चंद्रपूर, नाहीतर नदीपलीकडे तेलंगणातलं मोठं गाव. चुकीच्या निदानाची किंमत इथे शहरापेक्षा जास्त असते. आणि नवा ॲम्प्लिफायर त्याच बारीक तारेवर, त्याच सीटखाली बसवला, तर तोही मे महिन्यात बंद होणारच.

दुसरं कारण अधिक गंभीर. २०२२ हे वर्ष आठवा. एप्रिलमध्ये प्राणहितेचा पुष्कर होता, घाटावर माणसांची रीघ. जुलैत गोदावरी आणि प्राणहिता दोन्ही एकदम चढल्या. खाली भद्राचलमला गोदावरीनं सत्तर फुटांची पातळी ओलांडली, १९९० नंतर प्रथमच. आपल्या तालुक्यातली गावं पाण्यात गेली, माणसं हलवावी लागली. अशा रात्री मोबाइलचं नेटवर्क पहिल्यांदा जातं. मग गावात शिरून सांगायला उरतो तो जीपवरचा भोंगा, तीच जुनी दवंडी. ती जीप इंजिन बंद करून उभी आहे, बॅटरी उतरलेली आहे, तार बारीक आहे, आणि "पाणी वाढतंय, बाहेर पडा" हे वाक्य मध्येच तुटलं, तर? वरातीत गाणं तुटलं तर पोरं शिट्ट्या मारतात. इथे तुटलेलं वाक्य महाग पडतं.

आणि अशाच घाईच्या वेळी मोह होतो, फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालायचा, संरक्षणाला बगल द्यायचा. आम्ही निक्षून सांगतो, तसं करू नये. आवाज दहा मिनिटं जास्त चालेल आणि मग तार पेट घेईल. त्या गाडीत डिझेल असतं, माणसं असतात. संरक्षण काढून टाकल्यानं दोष जात नाही. दोष सांगणारा तेवढा जातो. १८३१ मध्ये हेच घडलं होतं.

सरकारनं २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंग्याला बंदी घातली. पण एक साधी गोष्ट नियमांच्या आधीच विज्ञानानं सांगून ठेवलीय : आवाज कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. शंभर वॅटवरून दोनशेवर गेलात तर कानाला जेमतेम फरक कळतो, पण तार चौपट तापते. मुठीत बसणारी कळ थोडी मागे फिरवली, तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

व्याख्यान इथे संपवतो. एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तो घेतो. "फ्यूज किती ॲम्पिअरचा घालावा आणि कुठे?"

चांगला प्रश्न आहे. बरेच जण समजतात, की फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवण्यासाठी असतो. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज असतो तारेला वाचवण्यासाठी. म्हणून तो तारेच्या कुवतीपेक्षा मोठा कधीही नको. जागा बॅटरीच्या शक्य तितकी जवळ, वीतभर-दोन वीत अंतरावर. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधली तार कुठे पत्र्याला टेकली, तर तिथे फ्यूजचा काही उपयोग नाही. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा फ्यूज वेगळा, तो कंपनीनं त्याच्यावर लिहिलेल्या आकड्याचाच घालायचा. आणि गाडीत त्याच आकड्याचे दोन जादा फ्यूज ठेवायचे. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. जवळ असली की तांब्याच्या तारेची आठवण होत नाही.